रकाना नऊ आणि मिठाची गुळणी

ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, अशांची एक यादी मी हल्ली मनातल्या मनात करत असतो. त्या यादीत पहिल्या क्रमांकावर माणूस नाही, नळ आहे. प्रशिक्षण केंद्राच्या पहिल्या मजल्यावर, सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात, डावीकडून दुसरा. त्याने मला पाणी दिलं नाही, म्हणून मी त्याचा ऋणी आहे.

हे जरा नीट सांगायला हवं. मी पाणीपुरवठा कार्यालयात अठ्ठावीस वर्षं नोकरी करतो. शहराच्या आमच्या भागात कुणाला पाणी मिळेल आणि कुणाला नाही हे माझ्या टेबलावर ठरतं, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात, आणि मी त्यांना अडवत नाही. पण माझ्या हातून घडलेलं खरं मोठं काम म्हणजे 'पाणी न येण्याबाबतचा तक्रार अर्ज'. चार पानं, सत्तेचाळीस रकाने. अकरा वर्षांपूर्वी मी तो एकट्याने रचला. त्याआधी लोक साध्या कागदावर 'आमच्याकडे पाणी येत नाही' एवढंच लिहून द्यायचे. त्यात ना शिस्त, ना सौंदर्य. माझ्या फॉर्ममुळे कार्यालयातल्या तक्रारी पहिल्याच वर्षी निम्म्यावर आल्या आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. तक्रारी निम्म्या झाल्या म्हणजे पाणी दुप्पट झालं, असा आम्ही दोघांनीही प्रामाणिक समज करून घेतला होता.

तर एक दिवस साहेबांकडे वरून पत्र आलं. प्रत्येक कार्यालयाने एक जबाबदार माणूस 'वापरकर्ता-केंद्री रचना' या विषयाच्या प्रशिक्षणाला पाठवावा. चार शनिवार वर्ग आणि पाचव्या शनिवारी सोहळा. प्रत्येकाने आपल्या कार्यालयातला एक फॉर्म घ्यायचा, तो लोकांना वापरायला सोपा आहे का ते तपासायचं, सुधारायचा आणि सोहळ्यात मांडायचा. तिथे जो फॉर्म मांडला जाईल तोच पुढे सगळ्या शाखांत संगणकावर चढणार, कायमचा. साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय दुसरं कोण?" मला भरून आलं. नंतर कळलं की साहेबांनी सगळ्यांना विचारलं होतं, पाच शनिवार घरात नसला तरी घरचे तक्रार करणार नाहीत असा कोण आहे, आणि माझ्या बायकोने फोनवर अशोभनीय वेगाने होकार दिला होता.

पहिल्या शनिवारी आम्हा अठरा जणांना आपापलं नाव जाड शाईच्या पेनाने चिठ्ठीवर लिहून छातीवर लावायला सांगितलं. शाई बोटांना लागली, म्हणून मी हात धुवायला व्हरांड्यात गेलो. आणि तिथे तो नळ. त्याला फिरवायला चावी नव्हती, दाबायला बटण नव्हतं. मी खाली हात धरला. हलवला. टाळी वाजवली, कारण असेही नळ असतात असं ऐकलं होतं. मग मी त्याच्या मानेवरून हळूच हात फिरवला. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस एका नळाची मनधरणी करतोय, हे दृश्य कुणी पाहू नये म्हणून मागे वळलो, तर शिकवणाऱ्या मॅडम वही घेऊन उभ्या होत्या आणि काहीतरी लिहून घेत होत्या.

मॅडम माझ्या मुलीपेक्षा वर्षभराने लहान असतील. त्या म्हणाल्या, "काका, खाली पायाने दाबायचं आहे. बेसिनच्या मागे." माझ्या पदनामात 'काका' हा शब्द कुठेही नाही, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी पायाने दाबलं, पाणी आलं. मी म्हटलं, "लक्षातच आलं नाही, माझी चूक." तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, "नाही काका. चूक तुमची नाही, नळाची आहे. अठरातल्या पंधरा जणांना तो जमला नाही."

आता बघा, माझं वय चोपन्न. 'चूक तुमची आहे' हे वाक्य मी साहेबांकडून, खिडकीपलीकडच्या नागरिकांकडून, बायकोकडून आणि एकदा तर चुकीचा नंबर लागलेल्या माणसाकडून ऐकलेलं आहे. उलटं वाक्य जन्मात पहिल्यांदा ऐकलं. हात पुसायचे सोडून मी तसाच उभा राहिलो. काहीतरी होऊन गेलं खरं, पण काय, ते कळायला दोन आठवडे जायचे होते.

वर्गात मॅडमनी मुख्य नियम सांगितला. ज्याच्यासाठी फॉर्म आहे त्याला तो भरायला द्यायचा आणि शेजारी बसून बघायचं. मदत करायची नाही, समजावायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. त्याला म्हणायचं, मनात येईल ते मोठ्याने बोला. आपण फक्त दोन वाक्यं बोलायची मुभा: 'तुम्हाला काय वाटतं?' आणि 'बोलत राहा.' हे सगळं मोबाईलवर चित्रित करून आणायचं. मला हसू आलं. इतक्या सोप्या कामाला पाच शनिवार कशाला, असं मी शेजारच्याला म्हटलं, आणि ते बोलणं त्या दोन वाक्यांत बसत नसल्याने मॅडमनी मला तिथेच थांबवलं.

घरी आल्यावर मी बायकोला टेबलाशी बसवलं, साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला आणि म्हटलं, "समज, आपल्याकडे पाणी येत नाही. हा फॉर्म भर. मनात येईल ते मोठ्याने बोल, मी मध्ये बोलणार नाही."

तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "लग्नाला एकोणतीस वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि हे आज सुचलं?"

"बोलत राहा," मी म्हटलं. नियम म्हणजे नियम.

पहिली दहा मिनिटं ती फॉर्म सोडून इतर विषयांवरच बोलली. ती माहिती मी इथे देत नाही. मग ती फॉर्मकडे वळली आणि तिथेच घोळ झाला. तिने पहिल्याच रकान्यात घराचा पत्ता लिहायला घेतला. तिथे पत्ता नव्हे, 'जलवाहिनी उपविभाग' लिहायचा असतो. आता समोर माणूस खड्ड्यात पडतोय आणि आपण म्हणायचं, तुम्हाला काय वाटतं? मी फक्त एक शब्द बोललो. मग त्या शब्दाचा अर्थ सांगितला. मग त्या रकान्यामागची भूमिका.

तेवढ्यात दार वाजलं. तळमजल्यावरच्या शिवणताई दोन बादल्या घेऊन आल्या होत्या. त्या मागच्या खोलीत शिवणकाम करतात आणि तिथेच राहतात. त्यांच्या खोलीची पाण्याची जोडणी वेगळी आहे, आणि सात महिने झाले, तिला पाणी येत नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी, आणि ब्लाउजचं काम जास्त असलं तर संध्याकाळीही, त्या आमच्याकडून पाणी न्यायच्या. बादल्याही आमच्याच. वय साठीला आलेलं, गुडघे दुखरे, आणि आमचा जिना बावीस पायऱ्यांचा. या शेजारधर्माचा मला मनातून फार अभिमान होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "ताई, रीतसर अर्ज करा. आमच्याकडे लगेच होतं." त्या नेहमीप्रमाणे हसल्या, वहिनींना बरं आहे ना विचारलं, टेबलावरच्या फॉर्मकडे एकवार बघितलं आणि एकेक पायरी मोजत खाली गेल्या.

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी सगळ्यांच्या चित्रफिती भिंतीवर दाखवल्या. माझी चाळीस मिनिटांची होती. तिच्यात अर्धा पंखा, बायकोचा एक कान आणि माझा अखंड आवाज होता. मॅडमनी मोजलं होतं. मी एकसष्ट वेळा बोललो होतो. त्यांनी विचारलं, "काका, या चाचणीत फॉर्म कोण भरतंय?"

"माझी मंडळी."

"त्या कुठे बोलल्यात?"

"पहिल्या दहा मिनिटांत," मी म्हटलं, "पण तो भाग मी काढून टाकला."

वर्ग हसला. करवसुलीचा एक माणूस तर डोळे पुसत होता. घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला सगळा अपमान सांगितला. तिने ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेली आणि पेल्यात कोमट पाणी आणि मीठ घेऊन आली. "माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात म्हणतात ना," ती म्हणाली, "तुम्ही खरोखरच धरा. त्याशिवाय तुम्हाला जमायचं नाही."

मी हे थट्टेवारी नेलं असतं. पण त्याच वेळी खालचे हेडमास्तर आले. ते निवृत्त आहेत, पण निवृत्ती फक्त शाळेने मानली. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तेच. आल्या आल्या म्हणाले, "अहो पाणीवाले, इमारतीत परीक्षा घेताय म्हणे. परवानगी कुठंय?" मी म्हटलं, परीक्षा नव्हे, चाचणी, आणि तीही माणसांची नाही, फॉर्मची. ते म्हणाले, चाचणी म्हणजे परीक्षेचाच धाकटा भाऊ, लेखी अर्ज द्या. मी अर्ज दिला. तो त्यांनी समास सोडला नाही म्हणून परत केला. दुसऱ्यात समास होता, पण तारीख उजवीकडे हवी होती. तिसऱ्यांदा परवानगी मिळाली, ती एका अटीवर, की पहिले परीक्षार्थी ते स्वतः. माझा साधा अर्ज कुणी परत करावा आणि मी तो मुकाट्याने पुन्हा लिहावा, याची मला भयंकर चीड आली. त्या चिडीतून काही शिकावं, असं तेव्हा सुचलं नाही.

रविवारी सकाळी ते दोन पेनं, पट्टी आणि खोडरबर घेऊन आले. मी तोंडात गुळणी धरली आणि शेजारी बसलो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांवर पहारा केलेल्या माणसाला कुणी आपल्याकडे नुसतं बघत बसलंय हे सहन होईना. "असे बघू नका हो, आठवत नाही मग," ते म्हणाले. मी मान डोलावली. पहिले आठ रकाने त्यांनी 'लागू नाही' लिहून निकालात काढले. नवव्या रकान्याशी थांबले. "जोडणी वर्ग, परिशिष्ट क प्रमाणे," त्यांनी मोठ्याने वाचलं. पानं उलटली. पालथी करून बघितली. "परिशिष्ट क कुठंय?"

परिशिष्ट क माझ्या कार्यालयातल्या टेबलाच्या खणात होतं. त्याची एकच प्रत आहे. ती फाटू नये म्हणून मी बाहेर काढत नाही. हे सगळं गाल फुगलेले असताना खुणेने सांगणं अवघड गेलं. मी कार्यालयाच्या दिशेला बोट दाखवलं, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी खण उघडल्यासारखं केलं, त्यांनी माझी बनियन नीट केली. मग चष्मा कपाळावर चढवून ते गंभीरपणे म्हणाले, "गाळलेल्या जागा भरायला देताना वर कंसात पर्याय द्यावेत, एवढंही ज्याला कळत नाही, त्या गाढवाने हा पेपर काढलाय."

मला हसू आलं की ठसका लागला, ते अजून ठरलेलं नाही. गुळणी मात्र सगळीच्या सगळी बाहेर आली. फॉर्म भिजला, पट्टी भिजली, हेडमास्तरांचा इस्त्रीचा सदरा भिजला. ते शांतपणे उठले. "पेपर फुटलेले पुष्कळ पाहिले," ते म्हणाले, "भिजलेला आजच पाहिला." दुपारी त्यांनी तो फॉर्म वाळवून लाल शाईने तपासून पाठवला. शंभरपैकी अकरा. शेरा: 'प्रयत्न अपुरे. पालकांनी भेटावे.'

तिसऱ्या शनिवारी मी तो लाल शेऱ्यांचा फॉर्म मॅडमपुढे ठेवला. त्या हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. म्हणाल्या, "काका, काकूंकडे पाणी येतं. सरांकडेही येतं. ते सगळे पाहुणे झाले. ज्याच्याकडे खरोखर पाणी येत नाही असं तुमच्या ओळखीचं कुणीच नाही का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. सात महिने जी बाई रोज माझ्या दारातून पाणी नेत होती, ती मला आठवायला तीन शनिवार लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. त्यांच्या खोलीत मी पूर्वी कधी आत गेलो नव्हतो. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीला ओळीने टांगलेले अर्धे शिवलेले कपडे आणि प्रत्येकावर टाचणीने लावलेली मापाची चिठ्ठी. कोपऱ्यात झाकण ठेवलेलं पिंप, वर पालथा तांब्या. गळ्यातली मोजपट्टी काढून त्यांनी माझ्यासाठी खुर्चीवरचं कापड उचललं. मी बटणांच्या बरणीला मोबाईल टेकवला आणि काय करायचं ते सांगितलं.

"मी चुकले तर?" त्यांनी विचारलं.

त्यावर बोलायचं माझ्या दोन वाक्यांत काही नव्हतं. "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं. आज गुळणी नव्हती. ठरवून गप्प बसलो होतो.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि फॉर्म जवळ ओढला. अक्षर सुरेख, ओळीत. पहिले आठ रकाने त्यांनी भराभर भरले, आणि सगळे बरोबर. जलवाहिनी उपविभागसुद्धा. मी चकित झालो. मग पेन थांबलं. "इथेच अडतं दरवेळी," त्या म्हणाल्या.

दरवेळी? माझ्या तोंडातून शब्द सुटणार होता. मी ओठ आवळले. "बोलत राहा."

"हा नववा. परिशिष्ट क. खिडकीवर विचारलं तर म्हणाले, फॉर्मवर लिहिलंय तसं भरा. मी मोकळा सोडला, तर परत आला. अंदाजाने लिहिलं, तर परत आला." त्यांनी यंत्राचा खण उघडला. दोऱ्याच्या रिळांखालून चार फॉर्म काढले, एकही घडी न पडलेले, आणि माझ्यापुढे ठेवले. चारही फॉर्मवर रकाना नऊच्या शेजारी हिरव्या शाईत शेरा होता, 'अपूर्ण. परत.' खाली सही. ती माझी होती.

इथे तुम्ही विचाराल, अहो, शेजारच्या बाईचा अर्ज चारदा तुमच्या हातात आला आणि तुम्हाला कळलं नाही? तर नाही. माझ्या फॉर्ममध्ये अर्जदाराचं नाव आणि पत्ता तिसऱ्या पानावर, एकतिसाव्या रकान्यात आहे. आधी जोडणी, मग माणूस, अशी माझी तेव्हाची भूमिका होती. आणि मी नवव्या रकान्याशीच शेरा मारून फॉर्म खिडकीवर परत धाडत असल्याने अकरा वर्षांत एकतिसाव्यापर्यंत पोचायची वेळ क्वचितच आली. तक्रारी निम्म्या झाल्या होत्या, त्या अशा.

"ही सही कुणाची, ते मला माहीत आहे, भाऊ," शिवणताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "जिन्यात 'पाणी जपून वापरा' म्हणून सूचना लावलीय ना, तिच्याखाली हीच आहे."

"बोलत राहा," मी म्हटलं.

"काय बोलू? रोज तुमच्याच घरचं पाणी नेते. वहिनी एक दिवस नाही म्हणाल्या नाहीत. त्याच दारात उभं राहून तुम्हाला कसं म्हणू, की माझा अर्ज तुम्हीच परत केलात? आणि मला वाटायचं, बाकी सगळ्यांना जमत असेल. मीच सातवीपर्यंत शिकलेली. माझंच काहीतरी चुकतंय." मग त्यांनी फॉर्म हातात घेऊन कापड बघावं तसा दूर धरून बघितला. "एक विचारू? माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. हा कुणाच्या मापाने बेतलाय?"

माझ्या. माझ्या टेबलाच्या, माझ्या खणाच्या आणि माझ्या परिशिष्टाच्या मापाने. दुसऱ्या कुणाच्या अंगाला तो लागणार कसा? मला त्या व्हरांड्यातल्या नळापुढे उभं राहिल्यासारखं झालं. फरक इतकाच, की या वेळी नळ मी होतो.

मॅडमचा नियम मी तिथे मोडला. "ताई," मी म्हटलं, "चूक तुमची नाही. फॉर्मची आहे. आणि फॉर्म माझा आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि पदराने काचा बराच वेळ पुसल्या. काचा स्वच्छच होत्या.

तो आठवडा मला आयुष्यभर पुरेल. रोज संध्याकाळी आम्ही तिघं, शिवणताई, बायको आणि मी, शिवणयंत्राशेजारी बसून फॉर्म बेतत होतो. मी रकाना सुचवायचा, त्या विचारायच्या, "हे तुम्हाला कशाला हवं?" सत्तेचाळीसपैकी एकेचाळीस रकान्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरले सहा. नाव पहिलं. दुसरा, पाणी कधीपासून येत नाही. जोडणी वर्ग आमच्याच वहीत असतो, तो आम्हीच शोधायचा. ताई म्हणाल्या, "पक्कं करू नका लगेच. आधी कच्ची टीप घाला, अंगावर घालून बघा, मग शिलाई." हेच शिकवायला मॅडमनी पुढे अख्खा चौथा शनिवार आणि नव्वद चित्रं घेतली. पेन्सिलीने लिहिलेला फॉर्म इमारतीतल्या नऊ जणांनी भरला. हेडमास्तरांनी चार मिनिटांत भरला आणि पेपर फार सोपा काढलाय, अशी तक्रार केली.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चित्रफितीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "जुना फॉर्म छान आहे. जसाच्या तसा ठेवा, फक्त रंग द्या. निळा बरा दिसतो. आणि त्या बाईंचं काही दाखवू नका. कार्यालयाची अब्रू जाते, आणि तुमचीही." शेवटचं त्यांनी प्रेमाने सांगितलं होतं. मी निळा फॉर्म करून घेतला. माणसाने भित्रं असावं, पण ते पूर्ण तयारीनिशी.

सोहळ्याला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आमचे साहेब आणि इतर कार्यालयांचे साहेब. माझ्या पिशवीत डाव्या कप्प्यात निळा फॉर्म आणि उजव्यात ती चित्रफीत. ताईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "खुशाल दाखवा. यंत्रावरचा पसारा तेवढा दिसू देऊ नका." माझं नाव पुकारलं. निळा मांडला, तर तो सगळ्या शाखांत चढणार होता, कायमचा, आणि प्रत्येक शाखेखाली कुणीतरी बादल्या घेऊन जिना उतरत राहणार होतं. हात डाव्या कप्प्यात गेला होता, खोटं कशाला बोलू. पण बोटांना त्या दिवशीही चिठ्ठीवर नाव लिहिताना शाई लागली होती, पहिल्या शनिवारसारखीच. मी उजवा कप्पा उघडला.

पहिल्या दोन मिनिटांत लोक हसले, कारण एका कोपऱ्यात ओठ आवळलेला मी दिसत होतो. मग हिरवा शेरा पडद्यावर आला आणि हसू थांबलं. चित्रफीत संपल्यावर साहेबांनी घसा साफ करून विचारलं, "ती सही कुणाची आहे?"

"माझी, साहेब."

"हं. पण बाई कमी शिकलेल्या आहेत, त्यामुळे..."

"साहेब, चूक त्यांची नाही," मी म्हटलं. उभ्या नोकरीत साहेबांचं वाक्य मी पहिल्यांदा तोडलं.

मॅडम शांतपणे उठल्या आणि जुन्या फॉर्मची एक कोरी प्रत साहेबांच्या हातात दिली. "सर, फक्त रकाना नऊ भरून दाखवता?" साहेबांनी पेन काढलं, टोपण उघडलं, वाचलं. पानं उलटली. पालथी करून बघितली. मग माझ्याकडे झुकून हळू आवाजात, पण माझ्या हातातल्या ध्वनिक्षेपकात स्पष्ट ऐकू जाईल असं, विचारलं, "परिशिष्ट क कुठंय?"

"माझ्या खणात, साहेब."

सभागृह हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला, आणि मग, देव त्यांचं भलं करो, तेही हसले. इतके हसले की शेजारच्या साहेबांनी त्यांना पाणी दिलं. सहा रकान्यांचा फॉर्म तिथल्या तिथे मंजूर झाला. आभारप्रदर्शनात माझं नाव घ्यायचं राहून गेलं, पण मॅडम जाताना म्हणाल्या, "काका, आज तुम्ही फक्त तीनदा बोललात." पदनामात तो शब्द असता तरी चाललं असतं, असं मला वाटलं.

सोमवारी शिवणताईंनी नवा फॉर्म भरला, पहिला, साडेतीन मिनिटांत. बुधवारी आमचा लाइनमन आला. सात महिन्यांपूर्वी रस्ता खोदताना त्यांच्या जोडणीचा व्हॉल्व्ह बंद केला होता, तो उघडायचा राहिला होता. त्याने खड्ड्यात हात घालून पान्याने दोन आटे फिरवले आणि चहाही न घेता निघून गेला. दोन आट्यांसाठी चार अर्ज आणि सात महिने.

गुरुवारी सकाळी दार वाजलं नाही. सहाचे साडेसहा झाले, तसा मी खाली बघायला गेलो. जिन्याच्या पायथ्याशी आमच्या दोन्ही बादल्या घासूनपुसून, काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. एकीच्या कडीला जुन्या फॉर्मचा एक तुकडा टाचणीने लावला होता. हिरवी शाई कुठून मिळवली कोण जाणे. सुरेख अक्षरात दोनच शब्द होते, 'पूर्ण. परत.'

बादल्या मी स्वतःच वर नेल्या. बावीस पायऱ्यांत तीनदा टेकलो, आणि दर टेकण्याला मला सात महिन्यांतली एकेक सकाळ आठवली. पाणी बायकोने कुंड्यांना घातलं. तो कागद मी कार्यालयात नेला आणि खणात ठेवला, परिशिष्ट क असायचं तिथे.